मोजणीसर

त्यांचं खरं नाव मस्टरवर आहे, पण कॉलेजात ते कुणी घेत नाही. पीएसएमचे, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे, हे प्राध्यापक रिसर्च सेलचे प्रमुख झाले आणि त्या दिवसापासून त्यांनी संशोधन करणं सोडून मोजायला घेतलं. जिन्यात भेटले की तब्येतीची चौकशी नाही. "यंदा किती?" एवढंच.

सरांच्या मुलीला एमडी मुलाचं स्थळ सांगून आलं, तेव्हा काकूंनी पगार विचारला, आजींनी गोत्र विचारलं. सरांनी विचारलं, "एच-इंडेक्स?" मुलगा चाचरत म्हणाला, "दोन." सर खुलले. "हे माप २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढलं," ते आजींना समजावू लागले. "दोन म्हणजे याच्या दोन पेपरांचा प्रत्येकी दोनदा तरी कुणी हवाला दिलाय. मुलाला बाहेर मान आहे."

सरांचा खरा जीव वाढीत. शून्यानं भागता येत नाही, हे पीएसएमवाल्याला कुणी सांगायला नको. म्हणून त्यांनी तुलनेसाठी नेमकं एकच पेपर आलेलं वर्ष शोधून काढलं. पुढच्या वर्षी चार आले. अहवालात ठळक अक्षरांत : 'तीनशे टक्के वाढ'. कोविडमध्ये जो तो लिहू लागला, आलेख कागदाबाहेर गेला. साथ ओसरली तसा आलेखही उतरला. त्या वर्षीपासून सर पाच वर्षांची सरासरी काढतात.

त्यांच्या टेबलावर तीन फायली असतात. एनआयआरएफच्या, म्हणजे सरकारी क्रमवारीच्या, फायलीत स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूचींमधले पेपर, ती बारीक. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, फायलीत बढतीला चालणारे, ती मध्यम. वार्षिक अहवालाची फाइल मात्र बाळसेदार, तिच्यात गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतला 'मधुमेह आणि आपण'सुद्धा आहे. ग्रंथपाल बाईंनी एकदा पबमेड धुंडाळून सांगितलं, "सर, सतराच सापडतात. तुमचे एकेचाळीस कसे?" एका पेपराचे सहा लेखक, चार विभाग, आणि चारही विभागांनी तोच पेपर आपापल्या यादीत घातलेला. सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही पेपर मोजता. मी सहभाग मोजतो."

एनएमसीच्या २०२२च्या नियमांनी ठरवलं, की बढतीसाठी नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून तरी हवं. तेव्हापासून लेखकांची यादी करताना लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांहून जास्त रुसवेफुगवे होतात. तंटा सरांपुढे येतो. चौथ्याला ते पुढच्या पेपरात तिसरा करतात. पुढचा पेपर कशावर, हे नंतर ठरतं.

सर निराश झालेले आम्ही पाहिलेले नाहीत. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांमधून एकही पेपर निघाला नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. स्टाफ रूममध्ये ते ऐकून सगळे गप्प झाले. सरांनी कॅल्क्युलेटर काढला. "म्हणजे दहा वर्षांत एक जरी केला, तरी आपण देशात वरच्या निम्म्यात!"

परवाच्या बैठकीत एका नव्या लेक्चरर मुलीनं हात वर केला. "सर, या एकेचाळीसांतल्या एकामुळे तरी ओपीडीत काही बदललं का?" सरांनी एक्सेल वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो कॉलम नाहीये."

मुलगी हटली नाही. तिनं एक गोष्ट सांगितली. रायगड जिल्ह्यात, हाताशी फारशी साधनं नसताना, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं विंचवाचे रोगी वाचू लागले. "ना रिसर्च सेल, ना टार्गेट," ती म्हणाली.

सर भारावले. चष्मा काढून पुसला. मग हळूच विचारलं, "पेपरवर पत्ता कुठला होता?"

"आपल्या कॉलेजचा नव्हता, सर."

"ते झालंच," सर म्हणाले, आणि डीनसाहेबांकडे वळले. "साहेब, त्यांना मानद प्राध्यापक करता येईल का? एकोणीसशे ब्याऐंशीपासून?"