गावाचं स्पेलिंग ओळखा, मुक्काम वाचवा

(नगर जिल्ह्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना)

‘स्टेशनरी’त ए कुठे आणि ई कुठे, हे शिकवणीत घोकून घेतात. तिथे चुकलं तर अर्धा गुण जातो. गावाच्या स्पेलिंगात चुकलं तर रात्र एसटी स्टँडवर जाते, आणि त्याची शिकवणी कुणीच घेत नाही. मोबाइलवर तिकिटं निघू लागल्यापासून तर इंग्रजी अक्षरांची सगळी जबाबदारी प्रवाशावरच आली आहे. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्यामुळे अहमदाबादशी होणारी गफलत मिटली. उरलेल्या गफलतींसाठी खालील नियम पाळावेत.

1. अकोले की अकोला : शेवटचं अक्षर पाहावं. ई असेल तर अकोले, ए असेल तर वऱ्हाडातलं अकोला. इंग्रजी शाळेतल्या मुलाकडून वाचून घेऊ नये. शब्दाच्या शेवटचा ई मुका असतो असं त्याला शिकवलेलं असल्याने तो ‘अकोल’ वाचेल आणि तिसरंच गाव तयार होईल. मराठीत विचारूनही भागत नाही, कारण दोन्हीकडे जाणारा माणूस ‘अकोल्याला’च चाललेला असतो. त्यापेक्षा कामावरून ठरवावं. 1646 मीटरचं कळसूबाई चढायचं असेल तर अकोले. कृषी विद्यापीठात काम असेल तर अकोला; मात्र विद्यापीठ महात्मा फुल्यांच्या नावाचं निघालं तर राहुरी.

2. शेवगाव की शेगाव : मधला व्ही मोजून घ्यावा. व्ही असेल तर जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असलेला नगर जिल्ह्यातला तालुका. व्ही गळला तर थेट बुलढाणा जिल्हा. चुकून तिथे उतरलात तर चिडू नये. गजानन महाराजांचं दर्शन घ्यावं, कचोरी खावी आणि घरी नवस होता म्हणून सांगावं.

3. शिंगणापूर : इथे स्पेलिंग सारखंच, म्हणून आधीचा शब्द गाळू नये. शनी शिंगणापूर नेवासा तालुक्यात. तिथे घरांना दारं नसतात. शिखर शिंगणापूर साताऱ्याच्या माण तालुक्यात. तिथे चैत्रात कावडी जातात. तेलाची बाटली घेऊन शिखरावर पोचलात तर शंभू महादेव भोळा आहे, सांभाळून घेईल. हुकलेला शनिवार मात्र ज्याच्या लक्षात राहायचा त्याच्या राहतोच.

4. कर्जत : एका अक्षराचाही फरक नाही. शब्दकोश, चष्मा, शिकवणी, सगळं व्यर्थ. जुलै महिन्यात छत्री उलटली तर रायगड जिल्हा. जुलैत गावच आभाळाकडे बघत बसलं असेल तर नगर जिल्हा. लोकल दिसली तर पहिलं, रेहेकुरीचं काळवीट दिसलं तर दुसरं. विधानसभेच्या मतदारसंघांतही एक नुसतं ‘कर्जत’ आहे आणि दुसऱ्याला जामखेड जोडलेलं आहे. प्रवाशानेही तोच कित्ता गिरवावा : गावाचं नाव शेजाऱ्याशिवाय उच्चारू नये.

सराव प्रश्न : लग्नपत्रिकेवर ‘विवाहस्थळ : कर्जत, गोरज मुहूर्त’ एवढंच छापलं आहे. तुम्ही काय कराल?

उत्तर : वधूपित्याला फोन करून नम्रपणे विचारावं, ‘मामा, तुमच्याजवळचं गाव नेरळ की राशीन?’ त्यावर ‘ते कशाला? सरळ कर्जतलाच या की!’ असं उत्तर आलं, तर आहेर ऑनलाइन पाठवावा.