वाय किती?

वायकाका तुमच्याही ओळखीत असणारच. ज्या सोसायटीत दहा-बारा वर्षांची चार पोरं आणि चालू अवस्थेतला एखादा टॅब्लेट आहे, तिथे एक वायकाका ठरलेला. पोरांच्या माइनक्राफ्टमध्ये हा गृहस्थ 'जरा बघू तरी' म्हणून शिरतो आणि पोरं दहावीला गेली तरी बाहेर येत नाही. बाकीचे तिथे किल्ले बांधतात, मेंढ्या रंगवतात, एकमेकांच्या दिवाणखान्यात कोंबड्या सोडून पळतात. वायकाका खाणीत असतो. आणि तिथून, इतरांनी कुठे खणावं ते सांगत असतो.

"कोळसा ९६. तांबं ४८. लोखंड १६ ला घ्यायचं. लॅपिस शून्याला. सोनं उणे १६. हिरा उणे ५८." हा आमच्या वायकाकांचा रोजचा परवचा. दिवेलागणीलाच सुरू होतो.

ज्यांच्या घरात हे खूळ अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. या खेळात स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन आकडे दिसतात. पहिला आणि तिसरा म्हणजे तुम्ही नकाशावर कुठे आहात ते. मधला, वाय, म्हणजे किती उंचावर किंवा किती खोल. समुद्राची पातळी ६३ च्या आसपास, आभाळाची हद्द ३२०, आणि कशानेही न फुटणारा बेडरॉकचा तळ उणे ६४ ला. वायकाकांना पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याशी कर्तव्य नाही. त्यामुळे ते कायम हरवलेले असतात.

"काका, कुठे आहात? जेवायचं, सगळे घरी या," माझी मुलगी हेडफोनमधून ओरडते.

"उणे ५८ ला."

"ते कळलं हो. पण कुठे?"

"उणे ५८ ला, बरोब्बर."

मग पोरांची एक तुकडी टॉर्च आणि भाजलेलं मटण घेऊन काकांना शोधायला निघते. खोलीचा आकडा माहीत असतोच. उरलेलं जग तेवढं धुंडाळायचं असतं.

बरं, हे खेळापुरतं राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. सोसायटीच्या सभेत बेसमेंटमधल्या पार्किंगचा वाद निघाला, दोन बिऱ्हाडं एकमेकांच्या अंगावर धावून जायची बाकी होती, आणि मागच्या खुर्चीतून शांत आवाजात प्रश्न आला: "पण बेसमेंटचा वाय किती?" आमच्याकडे पाण्याची टाकी गळते तेव्हा काका गळती कुठे आहे ते विचारत नाहीत, कितीवर आहे ते विचारतात. एकदा मी सिंहगडावरून हौसेने फोन केला. म्हटलं, काय वारा आहे, काय ढग आहेत! पलीकडून विचारणा, "वाय किती?"

पुण्याबद्दल तर त्यांची एक कायमची तक्रार आहे. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. खेळातला एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. समुद्राचे ६३ धरले की पुण्याचा वाय झाला सहाशेच्या वर. आणि ३२० च्या वर खेळ तुम्हाला एक वीटसुद्धा ठेवू देत नाही. "म्हणजे आपण सगळे हद्दीच्या बाहेर राहतोय," हे त्यांचं दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगून झालेलं आहे. सेक्रेटरींचा चेहरा पडला होता. त्यांना वाटलं, बांधकाम परवान्यात काही निघालं.

हिऱ्यांच्या बाबतीत काका नुसते जाणकार नाहीत, कट्टर आहेत. हिरे १६ च्या खाली मिळू लागतात आणि जसजसं खाली जावं तसतसे वाढत जातात, हे पोरांनाही ठाऊक असतं. मग अगदी तळाशीच का नाही खणायचं? तर तिथे बेडरॉकचे खडे मधे मधे येतात आणि कुदळ अडते. बेडरॉकच्या सगळ्यात वरच्या थरापासून जरा वर, म्हणून उणे ५८. सरळ बोगदा काढायचा, दोन ब्लॉक उंच. त्याला दोन्ही बाजूंनी फांद्या, दर दोन फांद्यांत दोन ब्लॉकचं अंतर. कुदळ निदान लोखंडाची हवी. दगडाच्या कुदळीने हिरा फोडला तर हिरा नुसता नाहीसा होतो, हाती काही येत नाही. उणे ५५ च्या खालच्या गुहांत लाव्हा साचलेला, म्हणून पाण्याची बादली हाताशी. पायाखालचा ब्लॉक कधी फोडायचा नाही. आणि गुहांमध्ये भटकायचं नाही, कारण उघड्या हवेला लागून हिरे कमी बनतात, ते दगडाच्या पोटात जास्त असतात. हे सगळं खरं आहे. वैताग त्याचाच तर येतो.

'बी' विंगमधला नववीतला एक मुलगा उणे ५९ पंथाचा आहे. त्याचं म्हणणं, बेडरॉक उणे ६० च्या वर येतच नाही, मग ५९ ला चालायला काय हरकत? या एका ब्लॉकवरून दोघांचा एकदा जिन्यात वाद जुंपला. मुलाची आई जेवायला हाका मारून थकली, शेवटी स्वतः खाली आली, आणि काय चाललंय हे ऐकून न बोलता परत वर गेली. दोघं अजून एकमेकांच्या बोगद्यात पाय ठेवत नाहीत. दोन्ही बोगदे शेजारी शेजारी आहेत. एक पायरी उतरली की पंथ बदलतो.

काकांचा खरा पराभव मात्र त्या मुलाने केला नाही, तो तळमजल्यावरच्या दुसरीतल्या चिमुरडीने केला. ती गुलाबी ॲक्सोलॉटलच्या मागे धावत एका गुहेत शिरली, काकांच्या सगळ्या नियमांना टांग मारून. बाहेर आली तेव्हा तिच्याकडे आठ हिरे होते. "वाय किती?" काकांनी विचारलं. आवाज जरा चिरकला होता. "काय माहीत," ती म्हणाली, "खाली होतं." पुढचे दोन दिवस काका 'सरासरी' आणि 'अपवाद' या दोन शब्दांत अडकले होते. तिने त्यातल्या दोन हिऱ्यांचा ज्यूकबॉक्स करता येतो का विचारलं. येतो, एकच लागतो. तिने केला.

आणि एवढं सगळं ज्ञान असलेल्या माणसाचं खेळातलं घर बघाल तर मातीचं. एक पलंग, एक भट्टी, दार. मंडळी हिऱ्यांचं चिलखत घालून हिंडतात आणि हे चामड्याच्या टोपीत. कारण काका हिरा सापडला की पोरांना हाक मारतात. त्याभोवतीचा दगड साफ करून, टॉर्च लावून, हात मागे बांधून उभे राहतात. फोडायचा मान पोरांचा. मला बरेच दिवस हा आढ्यतेचा प्रकार वाटायचा: बघा, म्हटलं होतं की नाही? तो आहेच थोडा.

हे गृहस्थ बँकेत होते. शाखेत नवी संगणकप्रणाली आली आणि यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता कोण शिकणार पहिल्यापासून, म्हणाले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पोरांनी त्यांना खेळात ओढलं तेव्हा हिऱ्याचा आकडा ११ होता. त्या वेळी जगाचा तळ शून्याला होता, लाव्हा १० पर्यंत यायचा, म्हणून ११ ला चालायचं. काकांनी तो आकडा पाठ केला, वापरला, वाटला. लिफ्टमध्ये भेटले की अकरा. वाढदिवसाला शुभेच्छा द्यायला आले तरी अकरा. आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ आवृत्ती आली. तळ ६४ ब्लॉक खाली गेला, शून्याखाली डीपस्लेट नावाचा, फोडायला दुप्पट चिवट दगड आला, सगळ्या धातूंच्या जागा बदलल्या. काकांचं पाठांतर एका रात्रीत रद्दीत.

मला वाटलं, हा माणूस इथूनही निवृत्ती घेणार. काही दिवस ते खेळात फिरकले नाहीत. नंतर एका संध्याकाळी माझ्या मुलीने टॅब माझ्यापुढे धरला: काका जमिनीपासून बेडरॉकपर्यंत एक जिना खोदत होते आणि ठराविक अंतरावर पाट्या ठोकत होते. पाटीवर वाय आणि तिथे काय मिळालं ते. लोखंडाच्या दोन जागा आहेत, एक १६ ला आणि दुसरी डोंगरात पार २३२ ला, हे त्यांनी आधी खाली खणून आणि मग वर चढून पाहिलं. पाचूचा तर कायदाच उलटा निघाला: तो फक्त डोंगरात, आणि खाली जावं तसा कमी होत जातो. यावर ते अख्खा आठवडा खूश होते. बँकेत जे शिकले नाहीत ते इथे का शिकले, असं मी एकदा खवचटपणे विचारलं.

तेव्हा त्यांनी गावाचं सांगितलं. गाव लातूरकडचं. वडिलांची कोरडवाहू जमीन, आणि दर दोन-चार वर्षांनी दारात पाणाड्या. तळहातावर नारळ, किंवा हातात कडुनिंबाची दोन फाट्यांची काडी, थेट इंग्रजी वायसारखी. हे सांगताना काका स्वतःच हसले. शिवारात फिरायचा, एका जागी थांबायचा, आकडा सांगायचा. एकशे ऐंशी फूट. बोअरची गाडी यायची, फुटाला भाव ठरायचा. एकशे ऐंशी फुटांना नुसता फुफाटा. दोनशे. अडीचशे. गाडीवाला विचारायचा, अजून जाऊ द्यायचं का? वडील मान डोलवायचे. पिठासारखी करडी धूळ झाडांवर, बैलांवर, माणसांच्या भुवयांवर बसायची. रात्री आई हिशेब मांडायची. पुन्हा काही वर्षांनी दुसरा पाणाड्या, दुसरी जागा, नवा आकडा.

"खेळातलं जग समुद्रापासून तळापर्यंत मोजलं तर १२७ मीटर," काका म्हणाले. "चारशे सोळा-सतरा फूट. आमच्याकडे आता बोअर आठशे-हजारावर जातात. बेडरॉक फोडून पलीकडे." मग जरा थांबून, "इथे कसं, सांगितलेल्या आकड्यावर माल निघतो. दर वेळी नाही निघत, पण निघतो."

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलणार होते, पण तेवढ्यात त्यांनी विचारलं की तुमच्या स्वयंपाकघराचा वाय किती, आणि सगळं पूर्ववत झालं.

यंदा उन्हाळ्यात काकांच्या धाकट्या भावाने शेतात परत बोअर मारला. मी काकांकडे वाटीभर साखर परत करायला गेले होते म्हणून हे कानावर पडलं. फोन स्पीकरवर होता, मागे गाडीची घरघर. भाऊ विचारत होता, "दादा, साडेसहाशे झाले. थांबू का जाऊ दे?" दूधवाल्याला, सेक्रेटरीला, सिंहगडाला आकडा सांगणारा हा माणूस फोनकडे बघत राहिला. "तुला पटेल ते कर," म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही."

त्या रात्री काका खेळात आले तेव्हा मी मुलीच्या हातातून टॅब घेतला आणि विचारलं, "काका, तांबं कितीवर हो?" मला तांबं नको होतं. मला तांब्याचं काय करतात तेही माहीत नव्हतं.

"४८," काका लगेच म्हणाले. "ड्रिपस्टोनच्या गुहेत गेलात तर जास्त मोठे साठे. पण आधी सांगा, तुम्ही आत्ता कितीवर आहात?"

त्यानंतर तांब्याचे उपयोग, त्याला चढणारी हिरवी कळा, ती चढू नये म्हणून लावायचं मेण आणि मेणासाठी पाळायच्या मधमाश्या, असं सगळं ऐकून घ्यावं लागलं. भाजी करपली.