पाहिजेत : शेजारी, १५ मैलांच्या आत

अमेरिकेत देवाचे बरे चालले आहे, पण त्याची पटसंख्या घसरली आहे. गॅलप या संस्थेने १९३७ साली पाहणी केली तेव्हा ७३ टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते. १९९९ साली ७० टक्के होते, २०२० साली ४७ उरले. आपल्याकडे पट घसरला की मास्तर घरोघर फिरून पोरे गोळा करतात. अमेरिकन पाळक फेसबुकवर जाहिरात देतात.

काम सोपे आहे. नकाशावर चर्चच्या मनोऱ्यावर टाचणी टोचायची आणि भोवती १५ मैलांचे वर्तुळ काढायचे. वय २५ ते ४५. लहान मुले असलेली जोडपी असतील तर उत्तम, कारण मुले आली की आईबाप येतात आणि आईबाप आले की दशांश येतो. मग फोटो. पहिल्या चार बाकांवरची मंडळी सत्तरीच्या पुढची, त्यातले दोघे प्रवचनात डुलक्या घेणारे. त्यांना पाहून कोण येणार? म्हणून फोटो विकत आणतात. त्यात गोरे, काळे, आशियाई असे सगळे एकाच वेळी हसत असतात आणि कुणाच्याही हातात स्तोत्रसंग्रह नसतो, कॉफी असते. खाली मजकूर : कसेही या, जीन्स चालेल, कॉफी फुकट, गाडी लावायला जागा, मुलांना सांभाळायला माणसे, तासाभरात आटोपेल. देवाचा उल्लेख टाळलेला बरा; लोक बिचकतात.

त्याखाली ‘भेट ठरवा’ असे बटण. तिथे नाव आणि नंबर भरला की रात्री साडेअकराला पाळकांचा आपुलकीचा निरोप येतो, ‘तुमची आठवण करतो आहे.’ पाळक तेव्हा घोरत असतात. निरोप यंत्राने धाडलेला असतो. बटण न दाबता पुढे गेलात तरी सुटका नाही. चर्चच्या संकेतस्थळात दडवलेला हेर तुम्हाला ओळखून ठेवतो आणि मग मावशीच्या वाढदिवसाचे फोटो पाहतानाही तेच हसरे चेहरे पुन्हा पुन्हा आडवे येतात. नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट येशूने सांगितली होती. हल्लीचा मेंढपाळ रानात जात नाही. दर मेंढरामागे खर्च किती आला, एवढे सोमवारी सकाळी पाहतो.

हे खूळ फेसबुकनेच काढले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात, गाडीत बसून सिनेमा पाहण्याच्या मैदानावर रविवारची उपासना सुरू केली. ते खाद्यपदार्थांच्या स्टॉलच्या छपरावर उभे राहून उपदेश करीत आणि भाविक मोटारीतून न उतरता ऐकत. त्यातूनच पुढे १९८० साली काचेचे क्रिस्टल कॅथेड्रल उभे राहिले, २०१० साली संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली, आणि आज त्या वास्तूत कॅथलिकांची उपासना चालते. त्याच भागात रिक वॉरन यांनी १९८० साली घरोघर जाऊन लोकांना चर्चला न येण्याचे कारण विचारले आणि पुढे आपल्या सॅडलबॅक चर्चसाठी ‘सॅडलबॅक सॅम’ नावाचे काल्पनिक गिऱ्हाईक घडवले : शिकलेला, नोकरीवर खूश, तब्येतीला जपणारा, वेळ आणि पैसा दोन्हींची ओढाताण असलेला, संघटित धर्माकडे संशयाने पाहणारा. वॉरन निदान दारे ठोठावत हिंडले. आजच्या पाळकाला सॅम ऑफिसात बसल्या बसल्या मिळतो.

ज्यांच्याकडे पैसा आहे ते थेट सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जातात. ‘ही गेट्स अस’ या मोहिमेने २०२३ साली तिथे येशूच्या दोन जाहिरातींवर सुमारे २ कोटी डॉलर खर्चले. २०२४ साली त्यांनी एकमेकांचे पाय धुणारी माणसे दाखवली. त्या वर्षी अर्ध्या मिनिटाचा भाव ७० लाख डॉलरच्या घरात होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा एक गंगाळ, पाणी आणि रुमाल एवढ्यात भागले होते.

लहान गावातल्या चर्चला ही चैन कुठली? त्यात फेसबुकच्या मेटा कंपनीने जानेवारी २०२२ पासून धर्म, आरोग्य, राजकीय मते असल्या नाजूक विषयांवरून माणसे निवडण्याचे पर्याय काढून टाकले. पण चोरवाट उरली. मंडळीची यादी यंत्रात चढवायची आणि सांगायचे, यांच्यासारखी माणसे शोध. यंत्र विचारते, किती सारखी? १ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत सोय आहे. आकडा जितका लहान, तितके साम्य जास्त. समिती १ टक्का निवडते. उगाच जोखीम कशाला?

हेच यंत्र गालील समुद्राच्या काठी असते तर पेत्र आणि अंद्रिया यांची नावे चढवताच त्याने किनाऱ्यावरचे आणखी चाळीस कोळी आणून उभे केले असते. जकातनाक्यावरचा मत्तय गळाला असता. विहिरीवरची शोमरोनी बाई तर पाच नवरे होऊन गेलेली, आणि परक्या मुलखातली, म्हणजे परिघाच्याही बाहेरची. तार्सकर शौलाचे काय सांगावे! ज्याच्या ‘आवडीनिवडी’च्या रकान्यात ‘मंडळीचा छळ’ असे लिहिले आहे, त्याला कोणते यंत्र जाहिरात दाखवील? नव्या करारातली सर्वाधिक पत्रे पुढे त्याच माणसाच्या नावावर जमा झाली, ही यंत्राच्या दृष्टीने नोंदीतली चूक.

याच अमेरिकेतून १८१३ साली मिशनरी मुंबईत उतरले होते. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी आपले मत काहीही असो, त्यांना इथे आपल्यासारखी माणसे शोधण्याची सोय नव्हती. मराठी शिकावी लागली, शाळा आणि छापखाने काढावे लागले, १८४२ साली नगरला ‘ज्ञानोदय’ सुरू करावे लागले, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्तकथा कीर्तनात आणली. सातासमुद्रापार जाणाऱ्या त्या मंडळींच्या वारसांना आज रस्ता ओलांडून समोरच्या घराची बेल वाजवायचा संकोच वाटतो. ते काम त्यांनी एका कंपनीला क्लिकच्या भावाने दिले आहे.

समजा, जाहिरात फळली. रविवारी एक जोडपे मुलाला घेऊन आले. फोटोतले कुणीच दिसत नाही. बाकावर टेकतात तोच एक आजी येऊन गोड आवाजात सांगतात, ही जागा आमची. उपासना संपते, कॉफी खरोखरच फुकट असते, आणि ती पिताना जुनी मंडळी गोल करून उभी राहतात : तोंडे आत, पाठी बाहेर. वीस मिनिटांत जोडपे गाडी काढते. अहवालात मोहीम यशस्वी : भेट ठरली, भेट झाली.

अमेरिकेत कित्येक गावांत महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम चर्चच्याच भाड्याच्या हॉलमध्ये होतात. आपली मंडळे काही संतांची नव्हेत. अध्यक्षपदावरून ती यथासांग फुटतात. पण नवे जोडपे आले की पहिल्याच दिवशी ‘वहिनी, पुढच्या वेळी कोशिंबीर तुमच्याकडे’ असे फर्मान सुटते, नवऱ्याला खुर्च्या उचलायला लावतात आणि नाटकातला हवालदार त्याच्या गळ्यात मारतात. दोघे कुरकुरत येतात, कारण न आल्यास कोशिंबीर कमी पडेल. काही आणू नका, नुसते बसा, असे जिथे सांगतात तिथे माणूस पाहुणाच राहतो, आणि पाहुणा घरी जातो.

पाळकसाहेबांनी एखाद्या शनिवारी हॉलमध्ये डोकावून हे पाहायला हरकत नाही. पण सोमवारी समितीची बैठक आहे आणि तिथे दोन ठराव एकमताने मंजूर होणार आहेत : जाहिरातीचा खर्च दुप्पट करावा, आणि कॉफी जरा बरी आणावी.