चुकलेल्यांसाठी राखीव रंग

पुण्यातल्या कोथरूड-सहकारनगरकडच्या एखाद्या बंगलेवाल्याला मंजूर नकाशातला बाहेरचा जिना उत्तरेकडून पूर्वेकडे न्यायचा आहे. जोते तपासणी झालेली आहे आणि वास्तुतज्ज्ञ, त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, मंजुरीनंतर अवतरले आहेत. डिसेंबर 2020 पासून, मुंबई सोडल्यास बहुतेक राज्याला लागू असलेली बांधकामाची एकत्रित नियमावली सांगते, की महत्त्वाचा फरक करायचा तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या आणि मूळ नकाशाला जी पद्धत, तीच याला. प्लॉट जागचा हललेला नाही, मालकही तोच, फक्त जिना कोपरा वळून पलीकडे गेला. पण फाइल नवी. शिवाय नकाशाचे रंग ठरलेले आहेत. नवं काम भरीव लाल, पाडायचं काम पिवळ्या तिरक्या रेघांत, आणि मंजुरीला सोडून झालेलं काम लाल तिरक्या रेघांत. हा शेवटचा रंग पुन्हा वाचावा. जो परवानगी न घेता जिना ठोकून मोकळा झाला, त्याच्यासाठी रंग राखून ठेवलेला आहे. त्याची वाटच पाहिली जात होती म्हणा ना. जो आधी विचारायला आला, त्याचा जिना भरीव लाल, जसा काही तो आजच जन्माला आला आणि घर बांधायचं त्याच्या आजच मनात आलं. पिवळा त्याला मिळत नाही, कारण उत्तरेचा जिना त्याने अजून बांधलेलाच नाही आणि नसलेलं पाडता येत नाही. आधी बांधला असता तर निदान रंग तरी मिळाला असता.

कुणी म्हणेल, रंगात काय आहे? रंगामागे कायदा आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम 53 विनापरवाना बांधकामाला नोटीस द्यायला सांगतं, आणि त्याच कलमाचं तिसरं पोटकलम नोटीस मिळालेल्याला सांगतं, की हे बांधकाम आहे तसं ठेवू द्या असा अर्ज करा. त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने त्याला धक्का लागत नाही. म्हणजे अर्ज दोघांचेही, कचेरी एकच, उशीरही सारखाच. पण आधी विचारणाऱ्याचा जिना निकाल लागेपर्यंत उभा राहू शकत नाही आणि नंतर विचारणाऱ्याचा निकाल लागेपर्यंत पडू शकत नाही. फाइल जितकी लोळेल तितकं पहिल्याच्या गवंड्याचं, सळईचं आणि घरभाड्याचं मीटर पळणार, आणि तितकीच दुसऱ्याच्या जिन्याखाली स्कूटर सुखाने उभी राहणार. दिरंगाई ही सगळ्यांना सारखीच जाचते असा आपला समज आहे. ती निम्म्या अर्जदारांना दंड असते आणि निम्म्यांना संरक्षण.

यावर पहिला आक्षेप असा, की जिना हलला म्हणजे शेजाऱ्याचा उजेड, वारा आणि आगीच्या बंबाची वाट हलते, तेव्हा छाननी हवीच. हवीच. पण मग जो जिना प्रत्यक्षात सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, गिळून बसला आहे त्याची छाननी तातडीची, की जो अजून कागदावरच आहे त्याची? दुसरा आक्षेप साठ दिवसांचा. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, असं कलम 45 म्हणतंच. म्हणतं, पण अर्ज आल्यापासून साठ दिवस किंवा कचेरीने विचारलेल्या खुलाशाचं उत्तर मिळाल्यापासून साठ दिवस, यांपैकी जे नंतर येईल ते. एकोणसाठाव्या दिवशी उत्तर दिशेचा बाण पुरेसा ठळक नाही असं पत्र निघालं, की घड्याळ पुन्हा शून्यावर. तिसरा आक्षेप असा, की घराच्या आतल्या, नियम न मोडणाऱ्या बदलांना ही नियमावली अनधिकृत मानत नाही, ते पूर्णत्वाच्या दाखल्याबरोबर दाखवले तरी चालतात. हा आक्षेप नाही, माझ्या बाजूची साक्ष आहे. किरकोळ काय आणि गंभीर काय हे ज्यांना भिंतीच्या आत कळतं, त्यांना ते भिंतीबाहेर तीन फुटांवर का कळू नये?

उरला शेवटचा आक्षेप. मोडणाऱ्याला दंड भरावाच लागतो की! भरतो, पण तारीख पाहून. गुंठ्यागुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांवरच्या बांधकामांसाठी 2001 च्या कायद्याने 1 जानेवारी 2001 ही सीमारेषा आखली. 2021 मध्ये ती 31 डिसेंबर 2020 वर नेली. मधली वीस वर्षं ज्यांनी ती रेषा खरी मानली त्यांना परतावा मिळाल्याचं ऐकिवात नाही. 2017 मध्ये नगररचना कायद्यात कलम 52-क आलं आणि 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना शुल्क घेऊन पावन करायची सोय झाली, अटींसकट, हे मान्य. पण पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या माफीला दंड म्हणत नाहीत, दरपत्रक म्हणतात! आणि दरपत्रक लावायचंच असेल तर ते उघड लावा: आधी विचारल्यास इतके महिने, नंतर विचारल्यास इतके रुपये. लोक हिशोब करतील, पुण्यात तो कुणाला शिकवावा लागत नाही. नाहीतर सरळ अदलाबदल करा. सामासिक अंतराला हात न लावणाऱ्या सुधारित नकाशाचं काम अर्जाच्या पोचपावतीवर सुरू राहू द्या आणि विनापरवाना जिन्याला निकाल लागेपर्यंत कुलूप ठोका. पहिल्या महिन्यात फाइली कुठल्या वेगाने हलतात ते बघा. कारण तेव्हा उशिराने अडणारी माणसं वेगळी असतील, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फोन कुणाला करायचा ते माहीत असतं.