लवचिकतेचे सुरती शास्त्र

कर्मचाऱ्याने कार्यालयात येऊन काम करावे की घरून, हे ठरविण्याचा जो अधिकार धोरणाच्या शेवटच्या कलमात वरिष्ठाकडे राखून ठेवलेला असतो, त्यास व्यवस्थापनशास्त्रात विवेकाधिकार म्हणतात, आणि तो वापरताना नियम जितका वाकतो तितक्या वाकण्यास लवचिकता म्हणतात. भारतीय कायद्याने या दोन्हींचे लाड यथास्थित पुरविले आहेत. मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून प्रसूती रजा संपल्यावर, कामाचे स्वरूप तसे असल्यास, मालक स्त्री कर्मचाऱ्यास घरून काम करू देऊ शकतो, म्हणजेच न देऊही शकतो. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी, म्हणजे सुरतजवळच्या सचिनसारख्या, निर्यातीकरिता खास सवलती मिळणाऱ्या वसाहतींसाठी, जुलै २०२२ मध्ये आलेल्या नियम ४३-अ ने निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून कामाची मुभा दिली. मात्र त्याहून अधिकांना ती द्यायची झाल्यास विकास आयुक्ताने कारणे लेखी नोंदवावीत, असेही बजावले. माणसाला घरी बसू देण्यास कारण लागते, कार्यालयात बसविण्यास लागत नाही, हा या शास्त्राचा पहिला सिद्धांत होय.

दुसरा सिद्धांत असा की, गैरहजेरी हा गुन्हा आहे की सुविधा, हे गैरहजर व्यक्तीच्या हुद्द्यावरून ठरते. आणि त्याच्या पुराव्यांसाठी अभ्यासकाला सुरतेबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज जातीने या शहरावर चालून आले, तेव्हा मोगलांचा येथील अंमलदार इनायतखान याने आपला विवेकाधिकार वापरून किल्ल्यातून काम करण्याचा पर्याय स्वीकारला, दरवाजे आतून लावून घेतले आणि शहर वाऱ्यावर सोडले. शहराच्या रक्षणासाठीच्या फौजेचा पगार तो बादशाही खजिन्यातून उचलत असे, फौज मात्र ठेवीत नसे, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे; आजच्या परिभाषेत सांगायचे तर ती फौज शंभर टक्के दूरस्थ पद्धतीने कार्यरत होती.

विद्यमान काळातील पुरावा याहून भव्य आहे. शहराच्या दक्षिणेस खजोद येथे सुरत डायमंड बोर्स, म्हणजे हिरेव्यापाऱ्यांनी एका छताखाली खरेदी-विक्री करावी यासाठीचे बाजारसंकुल उभारण्यात आले, ज्याचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. नऊ मनोरे, सुमारे ६७ लाख चौरस फूट बांधकाम आणि चार हजारांहून अधिक कार्यालये असलेली ही वास्तू आकाराने अमेरिकेच्या पेंटागॉनलाही मागे टाकते. वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधले व्यापारी मुंबई सोडून येथे येतील, अशी योजना होती. व्यापाऱ्यांनी कार्यालये विकत घेतली, कुलपेही घेतली, आणि त्यांपैकी बहुतेकांनी पुढील कित्येक महिने दुसऱ्या खरेदीचाच उपयोग केला. मुंबईचा पसारा आवरून जे बडे घराणे सर्वांच्या आधी आले, तेही काही आठवड्यांतच परतीच्या वाटेला लागले. यांपैकी कोणाही शेठला कारणे दाखवा नोटीस निघाली नाही, कारण शेठ जेथे बसतो तेथेच कार्यालय असते, हे तत्त्व हिरेबाजारात हिऱ्याहून जुने मानले जाते.

त्याच शेठच्या वराछा किंवा कतारगाम येथील कारखान्यात मात्र घंटीभोवती, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या फिरत्या चकतीभोवती, चार-चार रत्नकलाकार मान खाली घालून बसतात. हिऱ्याचे पुडके देताना तोलले जाते आणि परत घेताना पुन्हा तोलले जाते, त्यामुळे तेथे घरून कामाचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु परदेशातील मागणी घसरली की तेथेही लवचिकता अवतरते: ऑगस्ट २०२४ मध्ये एका बड्या कंपनीने सुमारे ५० हजार कारागिरांना एकदम दहा दिवसांची सुटी जाहीर केली. घर मिळाले, काम तेवढे वगळले गेले.

ज्यांना घर आणि काम दोन्ही कायमचे मिळाले आहे, असा वर्ग उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत आढळतो, जेथे धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. साड्यांचे गठ्ठे घरपोच येतात आणि बायका स्वयंपाक उरकून खडे व टिकल्या चिकटवतात, लेस लावतात, लोंबणारे धागे कापतात. मजुरी नगावर मिळते आणि डिंकाचा डाग पडलेली साडी मजुरीतून वळती होते. वीज, जागा, डोळे आणि शाळेतून आलेली मुलगी ही साधने कामगाराने स्वतः पुरवायची असतात. मोठमोठ्या कंपन्या ज्या दूरस्थ कार्यपद्धतीवर परिसंवाद भरवितात, ती या वस्त्यांत कोणत्याही धोरणाविना रुजली आहे. हजेरीपट नसल्याने येथे रजाही नसते, इतकी ती परिपूर्ण आहे.

तिसऱ्या सिद्धांताचे, म्हणजे दूरस्थ काम बढतीस पोषक ठरू शकते याचे, प्रात्यक्षिक महाराष्ट्राने स्वखर्चाने पाहिले. २०२२ च्या जूनपर्यंत मुख्यमंत्री असलेले उद्धव ठाकरे घरून कारभार करतात, अशी टीका विरोधक करीत होते आणि मुख्यमंत्री भेटत नाहीत ही तक्रार स्वपक्षीयांचीही होती. यावर उपाय म्हणून २० जून २०२२ रोजी विधान परिषदेची निवडणूक आटोपताच त्यांच्याच मंत्रिमंडळातील एकनाथ शिंदे आणि त्यांचे सहकारी आमदार रातोरात सुरतेच्या हॉटेलात रुजू झाले, आणि तेथूनही मंत्रालय पुरेसे दूर वाटेना म्हणून गुवाहाटीस गेले. या गैरहजेरीबद्दल बजावलेल्या अपात्रतेच्या नोटिसांना उत्तर देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. २९ जूनला ठाकरे यांनी राजीनामाही फेसबुकवरूनच जाहीर केला आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. घरून काम करणारा पदावरून गेला आणि परराज्यातून काम करणारा पदावर आला. दोघांच्याही रजेचे अर्ज अद्याप कोणी मागितलेले नाहीत.

या सर्व पुराव्यांवरून निष्कर्ष एकच निघतो: नियम वरच्या बाजूला वाकतो आणि खालच्या बाजूला टोचतो. ज्यांना आपले धोरण खरोखर लवचिक करायचे असेल त्यांनी घरून कामाची विनंती नाकारणाऱ्या साहेबाकडून कारण सहीनिशी लिहून घ्यावे, त्याच्या खुर्चीलाही तोच हजेरीपट लावावा, आणि लिंबायतच्या खोलीत खडे चिकटवणाऱ्या बाईचा नगाचा दर किमान वेतनाच्या हिशेबाने ठरवावा. एवढे करण्यास विवेकाधिकाराची आवश्यकता नाही, विवेक पुरेसा आहे.