आमची मर्सिडीज

आमच्या घरी मर्सिडीज होती, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, 'कुठलं मॉडेल?' आणि त्याचं खरं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो. बाहेरून ती ॲम्बॅसिडर होती आणि आतून मेटाडोर. मेटाडोर आकुर्डीची, बजाज टेम्पोची, आणि तिच्यातलं चोवीसशे सीसीचं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनायचं. म्हणजे सोयरीक जरा लांबची, पण रक्ताची.

गोष्ट १९९५ ची. आप्पा तारापूर एमआयडीसीत फिटर होते. त्यांनी तिसऱ्या मालकाकडून जुनी पेट्रोल ॲम्बॅसिडर घेतली होती. ही बया लिटरला आठ किलोमीटर चालायची, तेही मूड असला तर. बोईसरहून तारापूर गावात आत्याकडे जायचं म्हटलं की आप्पा आधी आत्याच्या तब्येतीची चौकशी करत. फारच गंभीर असेल तर गाडी, नाहीतर एसटी. आत्या ठणठणीत होती, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ चिंचेखाली उभी असे आणि तिच्या टपावर आई पापड वाळवत असे.

डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्या भावाला मिळायचं. त्यामुळे पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकणं हा त्या काळी रीतसर उद्योगच होता. भाड्याच्या गाड्या चालवणारे सर्रास टाकायचे. आमच्या मिस्त्रींनी आप्पांना तेच सुचवलं. ''मेटाडोरचं टाका, आप्पा. पोरंबाळं म्हातारी होतील, इंजिन नाही होणार.''

योगायोगाने मनोरजवळ हायवेवर एका मेटाडोरचं थोबाड फुटलं होतं आणि ती बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे येऊन पडली होती. आप्पा तिच्या चेपलेल्या तोंडाकडे हळहळून बघत होते. भंगारवाला म्हणाला, ''शेठ, तुम्हाला तोंड न्यायचंय का इंजिन?'' तासभर सुक्या बोंबलाच्या भावासारखी घासाघीस होऊन गिअरबॉक्ससकट चौदा हजारांना सौदा ठरला. इंजिन घरी आणायला टेम्पो करावा लागला. टेम्पोचं इंजिन टेम्पोतून आलं, भाडं वेगळं.

चिंचेच्या फांदीला चेन कप्पी बांधून मिस्त्रींनी जुनं इंजिन अर्ध्या तासात उपटलं. आप्पांनी आईला बोलावून ते दाखवलं, दवाखान्यात काढलेला दात दाखवतात तसं. त्यानंतर नवं इंजिन आत बसायला एकोणीस दिवस लागले.

पहिल्या दिवशी कळलं की इंजिनाचं ऑईल चेंबर गाडीच्या आडव्या बीमवर टेकतंय. चेंबर कापून, पुन्हा वेल्डिंग करून उथळ केलं. मग रेडिएटरला जागा उरली नाही म्हणून तो पुढे सरकवला. तो पुढे गेला तर बॉनेट लागेना, म्हणून बॉनेटला भोक पाडलं. आमच्या ॲम्बॅसिडरचा गिअर स्टिअरिंगपाशी हाताला होता आणि या मेटाडोरचा जमिनीतून वर येत होता, म्हणून गाडीच्या तळालाही भोक पडलं. पावसाळ्यात त्यातून पायावर पाणी उडायचं आणि उन्हाळ्यात गरम वाफ, म्हणजे दोन्ही ऋतूंची सोय झाली. जॉइंटचा शाफ्ट चार बोटं लांब निघाला. तो एमआयडीसीतल्या लेथवाल्याने कापून जोडून दिला, पण तो किंचित तिरका बसला. त्यामुळे चाळीसच्या वर गेलं की मागे बसणाऱ्याच्या बोलण्यात आपोआप कंप यायचा. आमचे एक मामा मुळात कीर्तनकार होते, त्यांना ते शोभून दिसायचं.

आई हा सगळा खर्च दुधाच्या वहीत उलट्या बाजूने लिहीत होती. सतराव्या दिवशी तिने वही मिटली आणि एवढंच म्हणाली, ''चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.'' आप्पा म्हणाले, ''कोंबडी एकदाच खातात. हे रोज चालणार.''

इंजिन बसलं तशी गाडी पुढून वाकली. नाकापेक्षा मोती जड ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, तिचा अर्थ आता दारात उभा होता. पुढचे टॉर्शन बार पिळून मिस्त्रींनी नाक जेमतेम उचललं. उरलेला तोल सांभाळायला आप्पांनी डिकीत वाडा कोलमची पन्नास किलोची गोण टाकली. घरातले तांदूळ संपले की गाडी हळूहळू नाक खाली घालू लागे. गोणीत किती तांदूळ उरलेत हे आई गाडीकडे बघून सांगायची.

मुहूर्ताच्या दिवशी हिटर प्लग तापवले, पाइपातली हवा काढली आणि सेल्फ मारला. काळ्या धुराचा एक लोट चिंचेत शिरला आणि असा काही धडधडाट झाला की समोरच्या काकू गिरणी सुरू झाली समजून गव्हाचा डबा घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी रुबाबात चावी फिरवली, काढली, खिशात टाकली आणि खाली उतरले. इंजिन चालूच.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. चावी काढली की ठिणगी बंद आणि इंजिनही बंद. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. हे इंजिन थांबवायचं तर एक वायर ओढून त्याचं डिझेल तोडावं लागतं. ती वायर बसवायला मिस्त्री विसरले होते. चावी हातात धरून आप्पा चालू गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले. शेवटी मिस्त्री आत घुसले, चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबला आणि क्लच सोडला. इंजिनाने आचका दिला, मान टाकली. गोणीतले तांदूळ डिकीभर सांडले. दुसऱ्या दिवशी वायर आली. तिच्या टोकाला मूठ नव्हती म्हणून आईच्या जुन्या समईची पितळी कडी बसवली.

इंजिन बदललं की नोंदणीच्या पुस्तकातही बदल करावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तसं सांगतं. आमचा पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून गाडी घेऊन ठाण्याच्या तीन खेपा झाल्या. तपासणीच्या साहेबांनी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, मग गुडघे टेकून गाडीखाली डोकावले. खालून त्यांचा आवाज आला, ''यात मूळचं काय राहिलंय हो?''

''हॉर्न,'' आप्पा म्हणाले.

गाडीला कोणी हसलं की आप्पा समुद्राकडे बोट दाखवत. ''ते अणुवीज केंद्र बघा. १९६९ पासून चालतंय. यंत्रं अमेरिकेची. इंधन आधी अमेरिकेचं, मग त्यांनी हात आखडला तर फ्रान्सचं. त्याला कोणी जुगाड म्हणतं का?'' पुढे तिथे रशियाचंही इंधन आलं, तेव्हा आप्पांना घरचा माणूस पास झाल्यासारखा आनंद झाला. पण पहिल्या दोन भट्ट्या मुळात २१० मेगावॅटच्या होत्या, त्या नंतर १६० वर आणाव्या लागल्या, हे मी एकदा वाचून दाखवलं तर म्हणाले, ''बघ. आपण उलट वाढवलं.''

डिझेलमधून खर्च तीन वर्षांत वसूल होईल, असा आप्पांचा हिशेब होता. तो चुकला, कारण डिझेल स्वस्त म्हणून आम्ही फिरायला लागलो. डहाणू, बोर्डी, केळवे, कारण असो नसो. दर रविवारी आत्याकडे. चौथ्या महिन्यात आत्यानेच फोन करून विचारलं, ''दादा, घरी सगळं ठीक आहे ना?''

गाडी पंधरा वर्षं टिकली. शेवटी तळाचं भोक आणि गंजाचं भोक एक झालं, तेव्हा पत्रा किलोने गेला. तेव्हाही भंगारवाल्याने तोंडाकडे पाहिलं नाही. तो सरळ बॉनेटकडे गेला. इंजिन त्याने वेगळं काढलं आणि चिंचणीच्या एका वाडीवाल्याला विकलं. वीज गेली की ते तिथे विहिरीवरचा पंप ओढतं. मी मागच्या मे महिन्यात जाऊन पाहिलं. बंद करायला अजून वायरच ओढावी लागते आणि टोकाला आईच्या समईची कडी आहे.