पंगतीत पान नाही

चौकातला फलक म्हणतो, आज शहराची हवा ‘समाधानकारक’. फलकाखालीच पेट्रोल पंप. तिथे एक दुचाकीवाला म्हणतोय, “भरा हो, अजून बसतंय.” टाकीत जेवढं पेट्रोल शिरतं तेवढीच वाफ बाहेर पडते आणि त्या वाफेत बेंझिन असतं. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, यावर आता वाद उरलेला नाही. दुचाकीवाला दोन मिनिटांत निघून जातो. नळी धरणारा पोरगा अख्खी पाळी तिथेच उभा.

फलक खोटं बोलत नाही. त्याला बेंझिन मोजायला कुणी सांगितलेलंच नाही. देशाच्या २००९ च्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत. त्यांत बेंझिनला वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. २०१४ साली हवेचा निर्देशांक आला, तेव्हा त्यांतल्या ८ जणांनाच जागा मिळाली. धुळीचे दोन्ही भाऊ आले, अमोनिया आला, शिसंही आलं. बेंझिनला पत्रिका गेली, पंगतीत पान मात्र मांडलं नाही. टोल्युइन, झायलिन, फॉर्माल्डिहाइड या भावकीला तर पत्रिकाही नाही.

या सगळ्या मंडळींचं सरकारी नाव बाष्पशील सेंद्रिय संयुगं. नाव उच्चारेपर्यंत ती उडून गेलेली असतात. पण उडून जातात कुठे? लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकात डोळे झोंबवणारं धुरकं पसरायचं आणि कारण कुणाला सापडत नव्हतं. आरी हागेन-स्मिट हा डच रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या स्वादावर काम करत होता. त्याने तीच हातोटी शहराच्या हवेवर वापरली. निष्कर्ष असा की, गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटलेली बाष्पं, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि कडक ऊन एकत्र आलं की ओझोन तयार होतो. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधकांना हे अर्थातच पटलं नाही. (पगार कोण देतं, त्यावर रसायनशास्त्र ठरण्याची परंपरा जुनी आहे.)

म्हणजे हा ओझोन कुठल्याही धुराड्यातून निघत नाही, त्यामुळे नोटीस कुणाला पाठवायची हा प्रश्नच. शिवाय तो भलताच तऱ्हेवाईक. भर गर्दीच्या रस्त्यावर धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो, म्हणून तिथे तो कमी आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ‘निसर्गरम्य’ गृहसंकुलांत जास्त. २०२० च्या टाळेबंदीत युरोपातल्या अनेक शहरांत गाड्या थांबल्या, नायट्रोजनची ऑक्साइडं उतरली आणि ओझोन चढला. त्याला खाणाराच घरी बसला होता! बाष्पांना हात न लावता नुसती ऑक्साइडं छाटली, तर असा प्रकार होऊ शकतो.

गाडी नसलेल्यांनी खुशीत येऊ नये. अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१८ साली दाखवून दिलं की, औद्योगिक शहरांतल्या पेट्रोलियमजन्य बाष्पांपैकी जवळपास निम्मी रंग, शाई, डिंक, कीटकनाशकं, फरशी पुसायची द्रव्यं आणि अत्तरं-डिओ यांतून येतात. इंधन आपण वजनाने कितीतरी पट जास्त वापरतो. पण ते जाळण्यासाठी असतं. डिओ मुळात उडण्यासाठीच बनवलेला असतो. आपल्याकडे धूर ओकणारं अजून पुष्कळ शिल्लक आहे, तेव्हा डिओला हा निम्म्या वाट्याचा मान मिळायला थोडा वेळ लागेल. तयारी मात्र जोरात. घरात ‘स्वच्छतेचा वास’ हवा म्हणून आपण लिंबाचा सुगंध शिंपडतो; त्यातलं लिमोनिन खिडकीतून आलेल्या ओझोनशी गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड बनवतं.

ज्यांना सुगंध परवडत नाही, त्यांच्यासाठी माहुल आहे. मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी घरं दिली गेली. तिथल्या बाष्पांबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्या आणि दोन साठवणूक कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. पुनर्वसन या शब्दात हवा धरलेली नसावी.

महापालिकांकडे उपाय आहे, नाही असं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात मुंबईचे रस्ते टँकरने धुतले गेले. ठिकठिकाणी तुषार उडवणाऱ्या तोफाही फिरल्या. मागे कॅमेरे, पुढे पुढारी. धूळ खाली बसली असेल. बेंझिन पाण्यात धड विरघळतही नाही.